फ्लाय रिळाची निवड

फ्लाय रीळ हे कृत्रिम माशीच्या साहाय्याने केल्या जाणाऱ्या मासेमारीत, म्हणजेच फ्लाय फिशिंगमध्ये, काठीच्या मुठीखाली बसवले जाणारे दोरी गुंडाळण्याचे साधन होय. दोरी साठवणे, काठीचा तोल सांभाळणे आणि गळाला लागलेला मासा पळू लागला असता दोरीला मोजका रोध करणे, अशी त्याची तीन कामे आहेत. ही तिन्ही कामे प्रत्येक ठिकाणी सारख्या महत्त्वाची नसतात. डोंगरी ओढ्यातील लहान ट्राउटसाठी पहिले काम नीट झाले तरी पुरते. महाशीर, सामन किंवा समुद्रातील वेगवान मासे यांच्यासाठी तिसरे काम निर्णायक ठरते. रीळ निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका हा भेद लक्षात न घेतल्याने होतात. पकडलेला मासा जिवंत परत सोडण्याचा नियम किंवा प्रथा जेथे आहे, तेथे अशा चुकीची किंमत माणसापेक्षा मासा अधिक मोजतो.

नावाविषयी

'फ्लाय' म्हणजे माशी. पक्ष्यांची पिसे, प्राण्यांचे केस, रेशीम व धातूची तार गळाभोवती बांधून पाण्यावरील किंवा पाण्याखालील कीटकाचा, क्वचित लहान माशाचा, आभास निर्माण केला जातो. 'माशीने मासा धरणे' असे मराठीत म्हटले तर ऐकणारा क्षणभर गोंधळतो, म्हणून या लेखात 'फ्लाय' हाच शब्द ठेवला आहे. 'रीळ' मात्र मराठीला परके नाही. शिवणकामाच्या दोऱ्याचे रीळ घरोघरी असते. कोकणात गळाला गरी म्हणतात, गळाने मासे धरण्याला गरवणे म्हणतात आणि त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नायलॉनच्या दोरीला तंगूस. गरवणारे अनेक जण तंगूस लाकडाच्या तुकड्यावर किंवा बाटलीवर गुंडाळतात. रिळाचे सर्वांत साधे रूप तेच.

रिळाचे स्थान

नेहमीच्या गळात शिसे किंवा आमिष यांचे वजन असते व ते वजन दोरीला आपल्यामागे ओढत नेते. फ्लाय जवळजवळ भारहीन असते. ती फेकताच येत नाही. म्हणून येथे वजन दोरीला दिलेले असते. जाड, आवरणयुक्त आणि वजनदार दोरी काठीच्या लवचिकतेने हवेत मागेपुढे उलगडली जाते आणि तिच्या टोकाशी असलेली फ्लाय दोरीबरोबर पाण्यावर जाऊन अलगद उतरते. फेकीच्या वेळी दोरी रिळातून सुटत नाही. ती डाव्या हाताने आधीच ओढून सैल ठेवलेली असते. त्यामुळे फेक लांब जाणे वा न जाणे याचा रिळाशी फारसा संबंध नाही. महाग रीळ घेतल्याने फेक सुधारेल, अशी नवशिक्याची समजूत असते. ती चुकीची आहे.

रिळावर आतून बाहेर तीन थर असतात. सर्वांत आत 'बॅकिंग' या नावाने ओळखली जाणारी बारीक, विणलेली पूरक दोरी. तिच्यावर साधारण २५ ते ३० मीटर लांबीची मुख्य फ्लाय दोरी. आणि तिच्या टोकाला निमुळता होत जाणारा पारदर्शक नायलॉनचा लीडर. लीडरच्या अगदी बारीक शेवटच्या भागास टिपेट म्हणतात. सगळ्या साखळीत सर्वांत नाजूक कडी टिपेट हीच असते आणि रिळाचे रोधाचे काम मुळात तिला तुटू न देण्याचे आहे.

इतिहास

गळाच्या काठीला चाक बसवण्याची कल्पना युरोपीय नाही. चीनमधील दक्षिण सोंग काळातील चित्रकार मा युआन याच्या सुमारे ११९५ मधील चित्रात हिवाळी सरोवरात होडीत बसलेला एक मासेमार दिसतो आणि त्याच्या काठीवर रीळ स्पष्ट आहे. इंग्रजीत रिळाचा उल्लेख १७व्या शतकाच्या मध्यास सापडतो. थॉमस बार्कर याच्या १६५१च्या पुस्तकात तो आहे, तसेच आयझॅक वॉल्टन याच्या १६५३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'द कंप्लीट अँग्लर' या ग्रंथाच्या परंपरेतही सामन माशासाठी चाकाचा वापर नोंदलेला आहे. त्यानंतरही दीर्घकाळ बहुतेक लोक दोरी काठीच्या टोकालाच बांधत असत. मासा मोठा निघाला की काठी पाण्यात टाकून देणे हाही एक उपाय मानला जाई.

आधुनिक फ्लाय रिळाचा प्रारंभ सामान्यतः १८७४ पासून धरतात. त्या वर्षी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील चार्ल्स ऑर्व्हिस यांना अरुंद चकतीच्या आणि दोन्ही बाजूंना भोके असलेल्या रिळाचे पेटंट मिळाले. भोकांमुळे वजन घटले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ओली दोरी सुकू लागली. त्या काळी दोऱ्या रेशमी असत व ओल्या राहिल्या तर कुजत. आजच्या दोऱ्या कुजत नाहीत, तरीही भोके राहिली आहेत; आता ती वजन वाचवण्यासाठी आणि काही अंशी देखणेपणासाठी. इंग्लंडमधील ॲनिक येथील हार्डी बंधूंनी १८९०च्या दशकाच्या आरंभी 'परफेक्ट' हे बॉल बेअरिंग बसवलेले रीळ बाजारात आणले. सव्वाशे वर्षांनंतरही त्याच्या मूळ आराखड्याची रिळे वापरात दिसतात. सायकलीच्या चाकात बॉल बेअरिंग रूढ होत असतानाच ते मासेमारीच्या रिळातही आले, हा योगायोग नसावा.

१९५०च्या दशकापासून रेशमाच्या जागी प्लास्टिकचे आवरण असलेल्या दोऱ्या आल्या. याच सुमारास फ्लोरिडाच्या उथळ समुद्रात टार्पन आणि बोनफिश यांच्यासारख्या जोरदार माशांसाठी फ्लाय वापरण्याचा छंद वाढला व जुन्या रिळांच्या मर्यादा उघड झाल्या. नदीवरच्या खिट्टीच्या रिळाला टार्पनची धाव आवरत नसे आणि दोरी आवरू पाहणाऱ्याच्या बोटांवर फिरत्या मुठीचे तडाखे बसत. मोटारीच्या क्लचप्रमाणे चकत्या एकमेकींवर दाबून रोध निर्माण करणारी रिळे त्या गरजेतून रूढ झाली.

रचना

फ्लाय रिळाचे मुख्य भाग मोजकेच आहेत. काठीला जोडणारा पाय, त्यावरची चौकट, चौकटीत फिरणारी दोरीची चकती म्हणजे स्पूल, चकतीवरची मूठ, चकतीच्या मध्यभागीचा ज्याच्यावर दोरी गुंडाळली जाते तो दांडा म्हणजे आर्बर, आणि रोधयंत्रणा. रोधयंत्रणेस सर्वत्र 'ड्रॅग' म्हणतात.

बहुसंख्य फ्लाय रिळांत दंतचक्रांची जोडणी नसते. मूठ एकदा फिरवली की चकती एकदा फिरते. मासा दोरी ओढू लागला की चकतीबरोबर मूठही उलटी फिरते आणि त्या वेळी बोटे बाजूला घ्यावी लागतात. एका फेऱ्यात चकती अधिक वेळा फिरवणारी, किंवा स्प्रिंगच्या जोरावर दोरी आपोआप गुंडाळणारी रिळेही बनवली गेली आहेत. परंतु ती जड असतात, त्यांत बिघडण्यासारखे भाग अधिक असतात, आणि नदीकाठी त्यांचा प्रसार कधीच फारसा झाला नाही.

काठीचा क्रमांक आणि दोरीची जागा

निवडीची सुरुवात रिळापासून करूच नये. आधी मासा, मग दोरी, मग काठी आणि शेवटी रीळ हा क्रम योग्य. दोऱ्यांना १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून अमेरिकी उत्पादकांनी ठरवलेले क्रमांक आहेत व ते आता जगभर मान्य आहेत. क्रमांक दोरीच्या पहिल्या ३० फुटांच्या, म्हणजे ९.१४ मीटरच्या, वजनावरून ठरतो. ५ क्रमांकाच्या दोरीचा हा भाग १४० ग्रेन म्हणजे सुमारे ९.१ ग्रॅम भरतो, तर ८ क्रमांकाचा २१० ग्रेन म्हणजे सुमारे १३.६ ग्रॅम. काठीवरही तोच क्रमांक छापलेला असतो. लहान ओढ्यांसाठी ३ किंवा ४, ट्राउटच्या सर्वसाधारण नद्यांसाठी ५ किंवा ६, महाशीर व बोनफिशसाठी ८ ते १०, आणि टार्पनसाठी ११ किंवा १२ हा सर्वसाधारण प्रघात आहे.

रिळावर बहुधा '५/६' किंवा '७/८/९' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ एवढाच की त्या क्रमांकांची दोरी आणि काही पूरक दोरी तीत मावते. मात्र किती मावते याचे जाहिरातीतील आकडे नेहमी उदार असतात, कारण दोरी यंत्रावर घट्ट व एकसारखी गुंडाळून ते काढलेले असतात. नदीकाठी मासा ओढताना दोरी तशी गुंडाळली जात नाही. ती एका बाजूला चढते आणि चौकटीला घासू लागते. पूर्ण भरल्यावरही दोरी आणि चकतीची कड यांत ५-६ मिलिमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे. पाण्यावर तरंगणाऱ्या दोरीचे आवरण हवेच्या सूक्ष्म पोकळ्यांनी फुगलेले असल्याने ती बुडणाऱ्या दोरीपेक्षा जाड असते, हेही ध्यानात घ्यावे लागते. दोन क्रमांकांच्या मध्ये निवड अडली असेल तर मोठे रीळ घेणे हिताचे.

पूरक दोरी किती हवी, याचे उत्तर माशाच्या धावेवर आहे. ट्राउटसाठी ५० ते ९० मीटर पुरतात आणि कित्येकांच्या हयातीत त्या दोरीचे टोक दिसतही नाही. बोनफिश पहिल्याच धावेत १०० मीटरपर्यंत जाऊ शकतो, म्हणून समुद्रासाठी २०० मीटर किंवा अधिक ठेवतात. पूर्वी यासाठी डॅक्रॉन वापरत. आता त्याहून बारीक आणि अधिक मजबूत असे पॉलिएथिलीनचे धागेही मिळतात. ते जागा वाचवतात, पण बोटावरून वेगाने सरकले तर सुरीसारखे कापतात.

ड्रॅगचा विचार

जुनी आणि आजही टिकून असलेली पद्धत म्हणजे दातेरी चाक व खिट्टी. चकतीला जोडलेल्या दातेरी चाकावर स्प्रिंगने दाबलेली खिट्टी टेकते; चकती फिरली की ती दातांवरून उड्या मारते व करकर आवाज होतो. या पद्धतीचा खरा हेतू मासा थांबवणे हा नाही. दोरी झटक्यात ओढली गेली असता चकती गरगर फिरत राहून गुंता होऊ नये, एवढेच तिचे काम. जास्तीचा रोध माणूस स्वतःच्या तळहाताने चकतीच्या उघड्या कडेवर हलका दाब देऊन निर्माण करतो. पतंग उडवणारा फिरकी धरणाऱ्याला ढील द्यायला सांगतो आणि दोरा बोटांतून सोडताना दाब कमीजास्त करतो, तसाच हा प्रकार आहे. हाताला तो अंदाज एकदा आला की ट्राउटसाठी दुसरे काही लागत नाही.

दुसरी पद्धत चकतीच्या घर्षणाची. बूच, टेफ्लॉन किंवा कार्बन तंतूंच्या चकत्या धातूवर दाबल्या जातात आणि बाहेरच्या खुंटीने दाब कमीजास्त करता येतो. यात रोध पुष्कळ मिळतो, परंतु खरेदी करताना सर्वाधिक रोध किती हे विचारण्यापेक्षा रोध सुरू कसा होतो हे पाहणे महत्त्वाचे. शाळेच्या पदार्थविज्ञानात शिकवतात की स्थिर वस्तूला हलवण्यासाठी लागणारे बल हे ती हलती ठेवण्यासाठी लागणाऱ्या बलापेक्षा अधिक असते. रिळातही हेच घडते. थांबलेली चकती फिरू लागताना क्षणभर रोध वाढतो. मासा झटका देतो त्याच क्षणी हे घडते आणि टिपेट तुटते. चांगल्या ड्रॅगमध्ये स्थिर व गतिमान घर्षणातील फरक अत्यल्प असतो. दुकानातच याची परीक्षा करता येते: खुंटी मध्यम घट्ट करून दोरी हाताने हळूहळू ओढावी. चकती न हिसकता, तेलकट वाटावी अशी सुटली पाहिजे. अडखळत, टप्प्याटप्प्याने सुटणारे रीळ कितीही ताकदवान असले तरी घेऊ नये.

रोध किती ठेवावा याचा व्यवहारातील नियम असा की तो टिपेटच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका असावा. टिपेट २ किलो भार सोसणारी असेल तर दोरी साधारण ५०० ते ६५० ग्रॅम ओढीला सुटली पाहिजे. हे मोजायला भाजीवाल्याकडचा स्प्रिंगचा लहान काटाही चालतो. एवढा कमी रोध पाहून नवशिक्याला आश्चर्य वाटते आणि तो खुंटी आणखी आवळतो. पण पुढे काय होते ते पाहण्यासारखे आहे. ड्रॅग चकतीला जे परिबल देतो ते जवळजवळ कायम राहते. दोरीवरचा ताण मात्र परिबल भागिले त्रिज्या इतका असतो. भरलेल्या रिळावर दोरीच्या वेढ्याचा व्यास ८ सेंटिमीटर आहे आणि माशाने दोरी ओढून नेल्यावर तो ५ सेंटिमीटर उरला आहे असे धरले, तर ताण ८ भागिले ५ म्हणजे १.६ पट होतो. ६०० ग्रॅमवर लावलेला ड्रॅग कुणीही हात न लावता ९६० ग्रॅमचा होतो. त्यात पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या दीडशे-दोनशे फूट दोरीला पाण्याचा होणारा विरोध वेगळाच. म्हणून मासा दूर जाऊ लागला की अनुभवी माणूस खुंटी सैल करतो, घट्ट नव्हे.

ड्रॅग कमी पडला तर मासा निसटतो असे नाही. तो दीर्घकाळ झुंजत राहतो. हीच या विषयातील सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. लांबलेल्या झुंजीत माशाच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते व रक्ताची आम्लता वाढते. पाणी जितके कोमट तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी, त्यामुळे उन्हाळ्यात थकवा भरून येणे अधिक अवघड होते. ट्राउटच्या पाण्याचे तापमान २० अंश सेल्सियसच्या आसपास गेले की मासेमारी थांबवावी, असा संकेत अनेक ठिकाणी पाळतात. पाण्यात सोडलेला मासा शेपटी हलवत गेला म्हणजे वाचला असे समजण्याची चूक होते. काही मासे त्यानंतर काही तासांनी मरतात. ५ क्रमांकाच्या हलक्या रिळाने मोठा मासा धरण्यात कौशल्य आहे असे मानणारा एक वर्ग सर्वत्र असतो. मासा खाण्यासाठी घरी न्यायचा असेल तर त्या कौशल्याला हरकत नाही. सोडायचा असेल तर ते कौशल्य नव्हे.

आर्बरचा व्यास

आर्बर जाड असेल तर एका फेऱ्यात अधिक दोरी गुंडाळली जाते. वेढ्याचा व्यास ७.५ सेंटिमीटर असता एका फेऱ्यात सुमारे २३.५ सेंटिमीटर दोरी येते; ४ सेंटिमीटर असता सुमारे १२.५. मासा अचानक माणसाच्या दिशेने पळत आला तर १० मीटर सैल दोरी गोळा करायला पहिल्या रिळावर ४२ फेरे लागतात, दुसऱ्यावर ८०. दोरी सैल पडली की गळ सुटतो, म्हणून हा फरक केवळ सोयीचा नाही. दुसरा लाभ असा की जाड आर्बरवर दोरीचे वेढे मोठे राहतात आणि ती पाण्यावर स्प्रिंगसारखी कुरळी होत नाही. तिसरा लाभ वर सांगितलेल्या गणिताचा: दोरी गेली तरी व्यास फार घटत नाही व ताणही फार वाढत नाही.

मोबदल्यात रीळ मोठे होते आणि तेवढ्याच आकारात पूरक दोरी कमी मावते. २०व्या शतकाच्या अखेरीस मोठ्या आर्बरची लाट आली आणि आता बहुतेक नवी रिळे त्याच धर्तीची असतात. ३ क्रमांकाच्या काठीवर ओढ्यात मासेमारी करणाऱ्याला याची गरज असतेच असे नाही.

धातू, वजन आणि हात

स्वस्त रिळे साच्यात ओतलेल्या ॲल्युमिनियमची किंवा कार्बनमिश्रित प्लास्टिकची असतात. महाग रिळे ॲल्युमिनियमच्या घन ठोकळ्यातून लेथवर कातून काढलेली. ओतीव रीळ दगडावर पडले तर तडकू शकते, कातलेले सहसा वाकते. चौकट किंचितही वाकली तरी चकती घासते, म्हणून दगडधोंड्यांच्या नदीत कातलेल्या रिळाचा दाम वसूल होतो. समुद्रासाठी धातूवर ॲनोडायझिंगचा थर अपरिहार्य आहे. खाऱ्या पाण्यात उघडे ॲल्युमिनियम पांढऱ्या पुटकुळ्या धरते.

५ क्रमांकाची रिळे साधारण ११० ते १७० ग्रॅम वजनाची असतात. सर्वांत हलके रीळ उत्तम, हा जाहिरातींचा सूर एकांगी आहे. रीळ लावून, दोरी भरून काठी मुठीच्या वरच्या टोकाजवळ बोटावर तोलून पाहावी. ती जवळपास आडवी राहिली तर वजन योग्य. इंग्लंड-स्कॉटलंडमधील दोन हातांच्या १३ ते १५ फुटी सामन-काठीला तर जड रीळच शोभते, नाहीतर दिवसभर काठीचे टोक उचलून धरावे लागते.

मूठ कोणत्या हाताने फिरवायची हा आवडीचा प्रश्न आहे. उजव्या हाताने फेकणाऱ्याने डाव्या हाताने गुंडाळले तर काठी हात बदलत नाही. परंतु लांब धावेनंतर शेकडो फेरे मारताना उजवा हात थकत नाही, असे सांगणारेही आहेत. बहुतेक रिळे उलटी करून घेता येतात. खिट्टी किंवा एकदिशा बेअरिंग उलटवायचे राहिले तर मात्र रोध गुंडाळताना लागतो आणि सोडताना लागत नाही. नवे रीळ घेतल्यावर हे पहिल्यांदा तपासावे.

भारतातील पाण्यासाठी

ट्राउट हा भारतात आणलेला मासा आहे. काश्मीरमध्ये १९००च्या सुमारास, निलगिरीत त्यानंतर काही वर्षांनी आणि कुलूच्या खोऱ्यात १९०९च्या सुमारास ब्रिटिशांनी त्याची अंडी आणून वाढवली. काश्मीरमधील लिद्दर, हिमाचल प्रदेशातील तीर्थन यांसारख्या नद्यांत आज परवाना घेऊन फ्लाय फिशिंग करता येते. या नद्या अरुंद, उताराच्या आणि दगडांच्या आहेत. मासा फार दूर पळत नाही, दगडाआड शिरतो. येथे ४ किंवा ५ क्रमांकाचे, खिट्टीचे किंवा साध्या चकतीचे रीळ पुरेसे आहे. हिमनद्यांचे वितळलेले पाणी बारीक रेती घेऊन येते आणि ती रिळात शिरते, म्हणून नदीकाठी हाताने उघडून धुता येईल असे रीळ येथे सीलबंद रिळापेक्षा उपयोगी ठरू शकते. भारतात ही रिळे मुख्यतः आयात होतात; सुटा भाग मागवण्यापेक्षा जे घरी दुरुस्त होते ते बरे.

महाशीरची गोष्ट निराळी. हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांतील सोनेरी महाशीर गळ लागताच प्रवाहाच्या दिशेने जी धाव घेतो तिच्यासाठी ८ ते १० क्रमांकाची काठी, किमान १५० मीटर पूरक दोरी आणि गुळगुळीत सुरू होणारा चकतीचा ड्रॅग हवा. ही जात जागतिक पातळीवर संकटग्रस्त मानली गेली आहे व मासेमारीस परवानगी असते तेथेही अनेक ठिकाणी मासा परत सोडला जातो. झुंज लवकर संपवण्याची क्षमता येथे चैनीची वस्तू राहत नाही.

महाराष्ट्राचा महाशीरशी संबंध जुना आहे. विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून दख्खनी महाशीरचे शास्त्रीय वर्णन केले; त्याचे 'टॉर खुद्री' हे नाव स्थानिक नावावरून आलेले आहे. त्याच पाण्यात आज तो मासा शोधावा लागेल. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महाशीरची कृत्रिम पैदास होते, आणि रायगड जिल्ह्यात काळ नदीवरील वाळण कोंडीतले मासे देवीचे म्हणून गावाने राखले आहेत. तेथे कोणतेही रीळ नेण्याचे कारण नाही.

जुनी रिळे

जुन्या बाजारात किंवा एखाद्या घराच्या माळ्यावर इंग्रजी बनावटीचे रीळ मिळाले तर ते वापरण्याचा मोह होतो. ते वापरता येते, परंतु रेशमी दोरी त्याच वजनाच्या आजच्या तरंगत्या दोरीपेक्षा बरीच बारीक असे. त्यामुळे पूर्वी ६ क्रमांकाच्या तोडीची दोरी घेणाऱ्या रिळात आज ४ किंवा ५ क्रमांकाची दोरी बसते. खिट्टी आणि स्प्रिंग झिजलेली आहे का, पाय काठीच्या आधुनिक बैठकीत बसतो का, आणि चकती चौकटीला न घासता फिरते का, हे पाहावे. पाय बसत नाही म्हणून कानसने घासू नये. त्यामुळे संग्राहकांच्या दृष्टीने रिळाचे मोल एकदम उतरते.

दोरी भरणे आणि निगा

पूरक दोरी किती भरायची हे जाहिरातीच्या आकड्यावरून ठरवण्यापेक्षा उलट पद्धत अधिक खात्रीची आहे. प्रथम मुख्य दोरीचे माशाकडचे टोक आर्बरला लावून ती गुंडाळावी, तिच्यावर पूरक दोरी रीळ योग्य तेवढे भरेपर्यंत गुंडाळून कापावी, मग सगळे काढून उलट क्रमाने पुन्हा भरावे. काम दुप्पट होते, पण एकदाच करायचे असते. पूरक दोरी ताणून, घट्ट गुंडाळली पाहिजे. सैल राहिली तर मोठ्या माशाच्या ओढीने वरचे वेढे खालच्या वेढ्यांत रुततात, दोरी अडकते आणि तुटते. गुळगुळीत आर्बरवर पॉलिएथिलीनचा धागा गाठीसकट गोल फिरत राहतो, म्हणून पहिले काही वेढे साध्या डॅक्रॉनचे देतात.

समुद्रावरून आल्यावर रीळ गोड्या पाण्याने हलके धुवावे. जोराच्या फवाऱ्याने मीठ उलट आत ढकलले जाते. बुचाच्या चकत्यांना अधूनमधून वंगण लागते, कार्बनच्या चकत्यांना बहुधा लागत नाही. हंगाम संपल्यावर दोरी काढून मोठ्या वेढ्यांत टांगून ठेवावी व ड्रॅगची खुंटी पूर्ण सैल करावी. महिनोन्‌महिने दाबलेले बूच चपटे होते आणि पुढच्या हंगामात चकती अडखळत सुटू लागते.